टोपीला भ्यायलेली सत्ता

खादीची एक पांढरी टोपी. घडी घातली तर खिशात मावेल एवढी. तिने ना कुणाला जखम होते, ना कुणाचा रस्ता अडतो. तरीही १९३० सालच्या मे-जून महिन्यांत सोलापुरात ती घालून रस्त्यावर निघणं म्हणजे जिवाशी खेळ होता. समोर सैनिक दिसला की टोपी उतरवावी लागे. काँग्रेसचे तरुण कार्यकर्ते तुळशीदास जाधव यांची आठवण सोलापुरात अजून सांगतात : टोपी काढ, नाहीतर गोळी घालतो, असं एका गोऱ्या अधिकाऱ्याने दरडावलं, तेव्हा त्यांनी छाती पुढे केली, पण टोपीला हात लावला नाही.

ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणत, त्याने हातभर कापडाला का भ्यावं? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. पण त्याचा माग काढत गेलं की आपण थेट सॉक्रेटिसापासून चालत आलेल्या वादात जाऊन पडतो : सत्य, सत्ता आणि स्वातंत्र्य यांचं आपसात नातं काय? ग्रंथालयं भरतील एवढं यावर लिहून झालं आहे. पण हा सगळा वाद माणसांच्या अंगावर घडलेला पाहायचा असेल तर लांब जायला नको. साड्या-कपड्यांच्या दुकानांनी गजबजलेल्या नवी पेठेतून बाहेर पडून पार्क चौकाच्या दिशेने थोडं चाललं तरी पुरे. चार हुतात्म्यांचे पुतळे तिथे उभे आहेत.

पोलीस नसलेलं शहर

आधी काय घडलं ते पाहू. गांधीजींना ५ मे १९३० च्या पहाटे, मध्यरात्र उलटल्यावर, गुजरातेत कराडी इथे अटक झाली. बातमी सोलापुरात पोचली आणि शहर बंद झालं. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे कामगार एकाच भोंग्यावर उठणारे. ते रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडं तोडायला रूपाभवानीच्या बाजूला गेले. शिंदीच्या दारूवर सरकारचा महसूल उभा होता, म्हणून झाड तोडणं हा त्या काळी कायदेभंगच. अटका झाल्या, जमाव अडून बसला, कलेक्टर नाइट आले, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात गेला. मग जमाव बिथरला. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटवली गेली.

यापुढे जे झालं ते थक्क करणारं आहे. पोलीस शहरातून निघून गेले. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. इतक्या मोठ्या शहरात, एवढ्या संतापानंतर, काय व्हायला हवं होतं? लुटालूट, दंगे, जुनी वैरं उकरून काढणं. पण काँग्रेसचे स्वयंसेवक चौकांत उभे राहिले, रहदारी लावू लागले, आणि लोक त्यांचं ऐकू लागले. त्यांच्याकडे ना बंदूक होती, ना पगारी नोकरी, ना कुणी दिलेला अधिकार. तरी त्यांनी हात वर केला की टांगा थांबत होता.

१२ मे रोजी लष्कराच्या बळावर मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत, म्हणजे जवळपास सात आठवडे चालला. त्यातले नियम वाचताना सत्तेच्या मनातली खरी भीती उघडी पडते. पोलिसांनी करायचं काम आपण करतो आहोत असं भासवणारी कृती करणं, तसं सुचवणारा झेंडा घेऊन फिरणं, यालाही जबर शिक्षा होती. दगड मारणं गुन्हा असणं समजू शकतं. पण रहदारी नीट लावणं गुन्हा का ठरावं?

बंदूक असून हात रिकामे

याचं उत्तर हॅना आरेन्ट या विदुषीकडे मिळतं. १९३० साली ती जर्मनीत नुकतीच शिकून बाहेर पडलेली तरुणी होती. तीन वर्षांनी हिटलर आला आणि ज्यू असल्यामुळे तिला देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत, १९७० साली, तिने हिंसेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तिने एक अशी फोड केली की ती वाचल्यावर सोलापूर वेगळंच दिसू लागतं. तिचं म्हणणं असं : सत्ता आणि हिंसा या एकाच गोष्टीच्या कमीजास्त मात्रा नव्हेत, त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. माणसं एकत्र येऊन, एकमताने काही करू लागतात तेव्हा सत्ता जन्मते, आणि ती पांगली की सत्ताही विरते. हिंसेला मात्र माणसांची संमती लागत नाही, हत्यारं लागतात. म्हणून ज्याची सत्ता पक्की असते त्याला गोळी झाडावी लागत नाही. गोळी झाडावी लागली, याचाच अर्थ सत्ता हातातून निसटते आहे.

ही कसोटी लावून पाहा. ९ मे रोजी सोलापुरात सगळी हत्यारं सरकारकडे होती, आणि सत्ता मात्र चौकात हात वर करून उभ्या असलेल्या स्वयंसेवकाकडे. सरकारला जळलेल्या न्यायालयाचं दुःख झालं असेल, पण इमारत परत बांधता येते. चौकातला तो माणूस जास्त धोक्याचा होता, कारण त्याने एक गोष्ट सिद्ध करून दाखवली : आपल्यावाचून तुमचं पान हलणार नाही, तुम्ही एकमेकांच्या उरावर बसाल, हे राज्यकर्त्यांचं पालुपद खोटं आहे. तीन दिवसांत ते उघड्यावर खोटं ठरलं होतं.

फ्रान्समधल्या एतिएन द ला बोएसी नावाच्या पोरसवदा लेखकाने हेच सोळाव्या शतकात विचारून ठेवलं होतं. एकटा राजा लाखोंवर राज्य कसं करतो? त्याला दोनच डोळे, दोनच हात. बाकीचे हजारो डोळे आणि हात त्याला आपणच पुरवतो. ते काढून घेतले की त्याला ढकलायचीही गरज नाही. गांधीजींच्या असहकाराचं गणित याहून वेगळं नव्हतं.

कायदा आणि वस्तुस्थिती

पण सत्तेची बाजूही ऐकायला हवी. ज्याच्या काळात इंग्लंड यादवी युद्धात होरपळलं त्या थॉमस हॉब्जने १६५१ साली ‘लेव्हायथन’ लिहिलं. जो तो आपापलं सत्य घेऊन तलवार उपसू लागला तर कुणीच जगणार नाही, म्हणून कायदा काय हे ठरवायचा अधिकार एकाच हाती हवा, आणि कोणती मतं समाजात पसरू द्यायची हेही त्यानेच ठरवावं, असं त्याचं सांगणं. कायदा सत्यातून येत नाही, अधिकारातून येतो. १९२२ साली कार्ल श्मिट या जर्मन कायदेपंडिताने त्याला आणखी धार लावली : आणीबाणी आहे की नाही हे जो ठरवतो तोच खरा सार्वभौम. हाच श्मिट पुढे नाझी पक्षात गेला, हेही लक्षात ठेवावं.

मार्शल लॉ म्हणजे या विचाराचं प्रात्यक्षिक. नेहमीचे कायदे बाजूला, लष्कराचा शब्द प्रमाण. सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकवल्याबद्दल अध्यक्ष माणिकचंद शहा तुरुंगात गेले. ‘कर्मयोगी’ या पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही कैद झाली. झेंडा आणि छापील कागद, दोन्ही सारखेच जहाल मानले गेले.

आणि तरीही सगळं दार बंद झालं नाही. शिक्षा झालेल्यांची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात गेली. ‘चनप्पा शांतिराप्पा विरुद्ध सम्राट’ हा त्यातला खटला आजही घटनेच्या अभ्यासकांच्या तोंडी असतो. लष्करी कायद्याला पाठिंबा फक्त निकडीचा असतो, आणि ती निकड खरोखर होती की नव्हती हे तपासायचा अधिकार न्यायालयाचा आहे, हे तत्त्व त्याच्या निमित्ताने पुढे आलं. यातली खुबी सहज नजरेतून सुटते. निकड होती का, हा मताचा प्रश्न नाही. त्या दिवशी, त्या शहरात काय घडत होतं, याचा आहे. सगळे कायदे खिशात घातलेल्या सत्तेलाही शेवटी एका साध्या प्रश्नापुढे उभं राहावं लागतं : खरं काय घडलं?

म्हणून सत्तेला सिद्धान्तांपेक्षा घटनांची जास्त धास्ती असते. याच आरेन्टने १९६७ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये सत्य आणि राजकारण यांवर लिहिताना सत्याचे दोन प्रकार केले. दोन अधिक दोन चार हे एका जातीचं सत्य. जगातली सगळी पुस्तकं जाळली तरी कुणीतरी ते पुन्हा शोधून काढेल. पण अमक्या दिवशी अमक्या चौकात गोळीबार झाला, हे दुसऱ्या जातीचं. ते पाहणारी माणसं गप्प झाली, कागद नाहीसे झाले, तर कितीही बुद्धिमान माणूस निव्वळ विचार करून ते परत मिळवू शकणार नाही. इतकं नाजूक असूनही ते हट्टी असतं. त्याचे अर्थ कुणी कसेही लावावेत, पण १२ मे रोजी सोलापूरने लष्करावर चाल केली, असं काही कुणाला लिहिता येत नाही.

पाटी न लावणारा भाजीवाला

आता टोपीकडे वळू, पण जरा वळसा घेऊन. १९७८ साली साम्यवादी चेकोस्लोव्हाकियात वास्लाव हावेल या नाटककाराने एक निबंध लिहिला आणि तो चोरून हातोहात फिरला. त्याचा नायक एक भाजीवाला आहे. दुकानात कांदे-गाजरांच्या मधोमध तो ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ अशी पाटी लावतो. कामगारांच्या एकीशी त्याला काही देणंघेणं नाही. वरून पाटी आली, सगळे लावतात, आपणही लावली. त्या पाटीचा खरा मजकूर एवढाच : मी भितो, मी ऐकतो, मला त्रास देऊ नका.

एक दिवस तो पाटी काढून ठेवतो. बस्स, एवढंच करतो. आणि यंत्रणा त्याच्यावर तुटून पडते. का? कारण सगळ्यांनी नाटकात सामील असणं हाच त्या राज्याचा पाया असतो. एक जण बाजूला झाला की बाकीच्यांना कळतं की हे नाटक होतं, आणि त्यातून बाहेर पडता येतं.

सोलापुरात हेच उलट्या बाजूने घडलं. तिथे पाटी काढायची होती, इथे टोपी काढायची नव्हती. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याच्या, गिरणीतल्या कामगाराच्या डोक्यावरची ती टोपी म्हणत होती, ‘मी तुमचा नाही.’ हे वाक्य त्या सात आठवड्यांत शहरातलं प्रत्येक माणूस मनात म्हणतच होतं. डोक्यावर आलं की ते उघड होई. हावेलने हा निबंध लिहिला तेव्हा त्याला सोलापूर माहीत असायचं कारण नव्हतं. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतराने दोन्ही ठिकाणची सत्ता एकाच गोष्टीला बिचकली. हावेल मात्र नशीबवान निघाला. तुरुंग भोगून १९८९ साली तो त्याच देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

एकाच तुरुंगात

सोलापूरच्या चौघांच्या वाट्याला ते नशीब आलं नाही. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. मंगळवार पेठेतल्या चौकीवर पोलीस मारले गेले, त्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला गेला. साक्षी झाल्या, निकाल लागला, अपिलं फेटाळली गेली. सोलापूरकरांचं म्हणणं आजही ठाम आहे की माणसं निर्दोष होती, त्यांना निवडून गोवलं. धनशेट्टींनी तर खवळलेल्या जमावापासून कलेक्टर नाइट यांचा जीव वाचवला होता, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

मिशेल फुको हा फ्रेंच विचारवंत अशाच जागी बोट ठेवतो. सत्ता सत्य दडपते एवढंच आपण पाहतो. पण ती सत्य घडवतेही, असं तो सांगतो. कोणाची साक्ष ग्राह्य, कोणता कागद पुरावा, खरं-खोटं ठरवायच्या खुर्चीवर कोण बसणार, हे आधीच ठरलेलं असतं. न्यायालयाच्या कागदावर चौघे खुनी होते, शहराच्या मनात हुतात्मे. कागद सरकारी तिजोरीत गेला, शहराने पुतळे उभारले.

१२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिलं. संक्रांत तोंडावर होती, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. आणि त्याच येरवड्यात त्या दिवशी आणखी एक कैदी होता : मोहनदास करमचंद गांधी. ज्यांच्या अटकेवरून सोलापूर पेटलं, ते गांधी आणि त्यापायी फासावर गेलेले चौघे एकाच तुरुंगाच्या भिंतींआड होते. पुढे दोन आठवड्यांनी गांधीजी सुटले, ५ मार्चला व्हाइसरॉय आयर्विनशी करार झाला, सत्याग्रही कैद्यांची सुटका ठरली.

याच तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी आश्रमातल्या लोकांना एकेका व्रतावर पत्र पाठवत. पहिलं पत्र २२ जुलै १९३० चं, सत्यावरचं. परमेश्वर हे सत्य आहे असं म्हणण्यापेक्षा सत्य हाच परमेश्वर आहे असं म्हणणं जास्त योग्य, असा त्यातला विचार. वरकरणी हे भक्तीचं बोलणं वाटेल. पण राजकारणात त्याचा परिणाम स्फोटक आहे. सत्य सर्वांच्या वर असेल, तर ते राजाच्याही वर आहे, पक्षाच्याही आणि खुद्द गांधीजींच्याही. शिवाय कुणाच्याच मुठीत ते पूर्ण येत नाही. म्हणून समोरच्याला मारायचा अधिकार मला उरत नाही. कदाचित त्याच्याकडचा तुकडाच खरा असेल. हॉब्जला वाटलं, प्रत्येकाने आपलं सत्य धरलं की युद्ध अटळ आहे. गांधीजींनी उत्तर दिलं, सत्य धरा, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या रक्ताने देऊ नका, स्वतःच्या अंगावर घ्या.

आपल्या बाजूचं सत्य

इथे गोष्ट आपल्यालाही सोडत नाही. मंगळवार पेठेत जे पोलीस मेले तीही माणसं होती. बहुतेक आपल्यासारखीच, पगारासाठी नोकरी धरलेली. गांधीजींच्या कसोटीवर ८ मेच्या दुपारचा तो भाग टिकत नाही. मेलेल्यांचा सरकारी आकडा आणि लोकांच्या तोंडचा आकडाही जुळत नाही. शौर्याची गोष्ट सांगताना हे सगळं गाळून टाकायचा मोह होतो, आणि मोह झाला की आपणही छोटंसं सरकार होतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली संघटना काढली तेव्हा तिचं नाव सत्यशोधक समाज ठेवलं. सत्य आपल्याला सापडलंय असा दावा त्या नावात नाही, शोधायचं काम मात्र आहे. पेशवाईबद्दल आणि इंग्रजी अमलाबद्दल त्यांनी विचारलेले प्रश्न, आणि आपल्याच शेतकरी बांधवांना सुनावलेले बोल, त्याच शोधाचे भाग होते. ज्यांच्यापासून ज्ञान लपवून ठेवलं त्यांना गुलाम करणं सोपं जातं, हे त्यांनी ओळखलं होतं. सत्य कळणं हीच स्वातंत्र्याची पहिली पायरी ठरते ती अशी.

मग सत्य, सत्ता आणि स्वातंत्र्य या तिघांचं नातं काय उरतं? सत्ता माणसांच्या एकत्र येण्यातून उभी राहते, म्हणून ती काढूनही घेता येते. घडलेल्या गोष्टीचं सत्य सत्तेला बांधून ठेवतं, पण ते स्वतः फार दुबळं असतं. पाहिलेलं सांगणारा माणूस नसेल तर ते मरतं. आणि स्वातंत्र्य म्हणजे तो माणूस. सरकारपुढे, जमावापुढे आणि आपल्या लाडक्या आठवणींपुढेही, घडलं ते सांगू शकणारा. यातला एक पाय निखळला की बाकीचे दोनही टिकत नाहीत.

तेव्हा नवी पेठेत खरेदीला जाल तेव्हा पिशव्या सांभाळत का होईना, चार पुतळ्यांपर्यंत जा. सोबत मुलं असतील तर चौघांची नावं त्यांना सांगा, चौघे चार जातिधर्मांचे होते हे सांगा. एखादं पोर विचारेल, ‘मग मेलेल्या पोलिसांचं काय?’ त्याला गप्प करू नका. हा प्रश्न विचारता येणं हेच त्या चौघांनी मिळवून दिलेलं स्वातंत्र्य आहे.